बंधाऱ्याखालचं घर

"आ करा. अजून थोडं. हां, असंच धरा."

पार्टिशनच्या पलीकडे डॉक्टरबाई कुणाच्या तरी जबड्याचा ठसा घेत होत्या. अलीकडे थोरल्याने सवयीने रबरी वाडगं पुढे ओढलं. ठशाचा ट्रे तोंडातून निघाला की मधल्या छोट्या खिडकीतून तो आत यायचा, आणि आला की लगेच त्यात प्लास्टर ओतावं लागायचं. उशीर झाला तर ठसा आकसतो. म्हणून पलीकडे ट्रे खडखडला की थोरला इकडे प्लास्टर कालवायला घ्यायचा. त्यांचं दोघांचं इतकं जमून गेलं होतं, की डॉक्टरबाईंना हाक मारावी लागत नसे.

दवाखान्याची ही मागची खोली म्हणजे थोरल्याची लॅब. एक खिडकी, एक पॉलिशचं चाक, प्लास्टरच्या पिठाचा पत्र्याचा डबा, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने मांडलेले लोकांचे पांढरे जबडे. तो कवळ्या बनवायचा. त्याला थोरला म्हणत, कारण घरात त्याच्या पाठचा एक धाकटा होता. धाकटा जाऊन बरीच वर्षं झाली होती. नाव मात्र तसंच राहिलं, आणि घरातून दवाखान्यातही आलं.

ट्रे निघाला. थुंकण्याचा आवाज झाला. मग पलीकडचा म्हातारा मोकळेपणाने म्हणाला, "दात गेले, पण जीभ शाबूत आहे हो डॉक्टर. आमच्या धंद्यात तेवढी पुरते. एक गोष्ट सांगतो, ऐका."

थोरल्याचा हात थांबला.

आवाज घोगरा झाला होता, पण ढब तीच होती. 'ऐका' म्हणायच्या आधी जरासं थांबायचं आणि मग तो शब्द खडूसारखा फळ्यावर टेकवायचा. दुनियेत असं बोलणारा एकच माणूस थोरल्याला माहीत होता.

खिडकीतून ट्रे आत आला. गुलाबी ठशात शाळेतल्या सरांची बिनदातांची हिरडी उमटलेली होती. थोरल्याने प्लास्टर ओतलं. 

सर इंग्रजी शिकवायचे. शनिवारच्या शेवटच्या तासाला थोरल्याचा आणि धाकट्याचा वर्ग एकत्र बसवून ते जुन्या अमेरिकन कादंबऱ्या आपल्या भाषेत सांगायचे. त्यांना नायकांचं फारसं कौतुक नव्हतं. "नायक काय, कुणीही होतं. कष्ट खलनायकाला पडतात," ते म्हणायचे. त्यातही सूड घेणारे खलनायक त्यांच्या खास आवडीचे. "त्या लोकांकडे जमीन अफाट आणि माणसं विरळ. सूड घ्यायला एखादा गावला की जन्मभर सोडत नाहीत." मुलं श्वास रोखून बसायची.

सगळ्यात लांबली ती गिरणीवाल्याची गोष्ट. नदीवर बंधारा, बंधाऱ्याच्या पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी, आणि वरच्या अंगाला शेजाऱ्याचं शेत. शेजाऱ्याच्या बेफिकिरीमुळे गिरणीवाल्याचा मुलगा दगावतो. गिरणीवाला भांडत नाही, आरडाओरडा करत नाही. दरवर्षी बंधाऱ्यावर एक फळी चढवतो. एकच. मागे साठलेलं पाणी बोटभर वर सरकतं. शेजाऱ्याच्या लक्षातही येत नाही. आधी त्याच्या तळघराला ओल येते, मग विहीर गढुळते, मग सफरचंदाच्या झाडांची मुळं कुजायला लागतात. आणि रोज संध्याकाळी दोघं कुंपणाशी उभे राहून हवापाण्याच्या गप्पा मारतात.

इथे सर थांबले होते. "आता गिरणीवाला पुढे काय करेल? तू सांग. तो खिडकीपाशी बसलाय तो."

खिडकीपाशी धाकटा होता. तो बाहेर बघत होता. सरांनी परत विचारलं, मग मोठ्याने विचारलं. वर्ग हसायला लागला. धाकट्याने मान वळवली नाही. सर बाकांमधून चालत गेले आणि त्यांनी त्याच्या कानावर असा एक ठेवून दिला, की तो बाकावरून खालीच गेला. उठला तेव्हा कानातून लालसर पाणी येत होतं. थोरला मागच्या बाकावरून उठला, कुणाला न विचारता भावाचा हात धरून वर्गाबाहेर पडला. गोष्ट तिथेच राहिली. नंतर थोरला त्या तासाला मैदानात जाऊन बसायचा.

पुढे धाकट्याला कमीच ऐकू येत गेलं. कुठल्याशा गोदामात तो पेट्या बांधायच्या कामाला लागला. एका सकाळी मागे येणाऱ्या ट्रकचा हॉर्न सगळ्या गल्लीने ऐकला, त्याने नाही.

थोरल्याच्या मनात ही दोन्ही दृश्यं एका दोरीने बांधलेली होती. एक ओढलं की दुसरं यायचं.

*

कवळीचा सगळा खेळ उंचीचा असतो. वरचे आणि खालचे दात टेकले, की नाक आणि हनुवटी यांच्यात जेवढं अंतर राहतं, ते त्या माणसाचं स्वतःचं असतं. ते कमी पडलं तर तोंड मिटून गेल्यासारखं, म्हातारं दिसतं. जास्त झालं तर गंमत अशी, की चेहरा उलट छान दिसतो. गाल भरतात, सुरकुत्या ताणल्या जातात. आरसा खूश, घरचे खूश. पण जबड्याच्या स्नायूंना विसावा म्हणून मिळत नाही. घास गिळताना अडतो, बोलताना दात दातांवर आपटतात, आणि हिरडी दिवसभर चेचली जाते.

साचा दाबून बंद करताना थोरल्याने तो पुरता बंद केला नाही. फट राहिली ती जाड पुठ्ठ्याएवढी, आणि कवळी तेवढीच उंच झाली. एवढीशी फट नवशिक्याकडून राहते. त्याच्याकडून कधी राहिली नव्हती.

कवळी बसवायच्या दिवशी डॉक्टरबाईंनी त्याला बाहेर बोलावलं. "हे आमचे थोरले. तुमची कवळी यांच्या हातची."

सर खुर्चीत होते, बाजूला त्यांची मुलगी पर्स धरून उभी होती. सरांचे केस गेले होते, मनगटं काडीसारखी झाली होती. त्यांनी थोरल्याकडे बघितलं. डोळ्यांत ओळखीची खूणसुद्धा नव्हती.

"कलाकार आहात," ते म्हणाले, आणि 'क'वर दात टक् करून वाजले.

"अगंबाई, बाबा! केवढे तरुण दिसताय!" मुलगी म्हणाली.

"हो का? मला जरा तोंड भरल्यासारखं वाटतंय."

"नवे बूट कसे दोन दिवस चावतात, तसंच असतं ते," डॉक्टरबाई हसल्या. "सवय होईल, सर."

बाकी कुणाची कवळी असती तर त्यांनी निळा कागद चावायला देऊन दात कुठे जास्त टेकतात ते पाहिलं असतं. थोरल्याच्या कवळीला त्या कागद लावत नसत. 'तुम्ही बघितलंय ना, मग झालं,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

सर परत आले. हिरडी दुखत होती. डॉक्टरबाईंनी कवळी आत पाठवली आणि आतून मऊ अस्तर लावायला सांगितलं. थोरल्याने ते लावलं. हवं होतं त्याहून किंचित जाड. कवळी अजून थोडी उंच झाली. अस्तर मऊ, त्यामुळे चार दिवस बरं वाटलं, आणि मग दुखणं पुन्हा सुरू झालं. सर परत आले. पुन्हा अस्तर. दर वेळी कागदाएवढा एक थर.

थोरला मनाशी म्हणायचा, फळी चढली. ही युक्ती त्याने सरांकडूनच तर घेतली होती.

पलीकडचं नीट ऐकू यावं म्हणून सर आले की तो चाक बंद ठेवायचा. गोष्टी सांगणं कमी होत गेलं होतं. मधल्या मधल्या शब्दांवर टक्, टक् व्हायचं आणि सर बिचकून थांबायचे.

"खातपीत नाहीत हो," मुलगी डॉक्टरबाईंना सांगायची. "बटाटा कुस्करून दिला तरी घोळवत बसतात. काही म्हटलं की चिडतात. सगळं मनाचं आहे म्हणावं, तर वजन उतरलंय."

"डॉक्टर, चूक माझ्या तोंडाची आहे," सर म्हणायचे. "कवळीला नावं ठेवू नका. त्या माणसाने किती वेळा मन लावून केलीय."

हे ऐकलं की थोरला हातातलं काम ठेवून तसाच बसून राहायचा. ते समाधान आहे, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

*

"अहो, पाव खाताय की फरशी?" बायको म्हणाली. "केवढा आवाज करताय!"

थोरल्याने चावणं थांबवलं. जबडा दुखत होता. हल्ली सकाळी उठल्यावर कानाच्या पुढचा सांधा जड असायचा, जांभई देताना कट्कन वाजायचा.

"झोपेत दात खाता तुम्ही. मी हलवते, तर हात झटकता."

"कामाचा ताण आहे."

"काम तेच आहे की! तुम्ही कुठे बँक सांभाळताय? आधी घरी आलात की तीन माणसांच्या नकला करून दाखवायचात. कोण कसा आ करतो, कोण खुर्चीत बसल्या बसल्या देवाचं नाव घेतो. हल्ली रुसल्यासारखे बसता."

 आठवड्याने पाव चावतानाच त्याची डावी दाढ तडकली. डॉक्टरबाईंनी आरसा आत घालून बघितलं आणि भुवया वर केल्या.

"कीड नाही, काही नाही. चांगली धडधाकट दाढ होती. थोरले, कशावर एवढे दात खाताय?"

"तोंडात खडा आला बहुतेक."

"एक खडा आला तर कोपरा उडतो. ही उभी चिरलीय. रोजचा दाब आहे हा." त्यांनी हातमोजे काढले. "घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे."

दाढ काढावी लागली. दुसऱ्यांच्या बत्तिशा ज्याच्या बोटांवर होत्या, तो माणूस तोंडात कापसाचा बोळा धरून घरी गेला.

आई खिडकीशी बसून सफरचंद खात होती. तिची कवळी त्यानेच केली होती, आणि ती अशी काही बसली होती, की आई शेजारणींना कडक बिस्किटं फोडून दाखवायची. तिने त्याच्या गालाकडे बघितलं.

"सुजलंय रे. बर्फ लाव."

तो तिच्यासमोर बसला. बोळ्यामुळे बोलणं जड येत होतं, पण कधीतरी ते सांगायचंच होतं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आई, सर येतात आमच्याकडे. कवळीला."

"कुठले सर?"

"धाकट्याला मारलं होतं ते."

आईने फोड खाली ठेवली. "अजून आहेत? बरे आहेत ना?"

"बरे?" त्याचा आवाज चढला. "त्यांनी धाकट्याचा कान फोडला आई. त्या कानापायी तो गेला. आणि तू विचारतेस, बरे आहेत ना?"

आई त्याच्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "कान फोडला? कुणी सांगितलं तुला?"

"मी होतो तिथे! पाणी येत होतं कानातून."

"अरे, ते तर नेहमीच यायचं. रांगत होता तेव्हापासून वाहायचे त्याचे कान. दोन्ही. ऐकू कमीच होतं त्याला. ते कापसाचे बोळे कशाला असायचे, असं वाटलं तुला?"

"पोहताना पाणी गेलं म्हणायचीस."

"सगळ्यांना तेच सांगायचे. शाळेला कळलं असतं तर म्हणाले असते, बहिऱ्यांच्या शाळेत न्या. ती तिकडे पार लांब, मुलाला तिथेच ठेवावं लागायचं. माझ्याच्यानं झालं नसतं ते." तिने पदराला हात पुसले, मग पुसलेलेच पुन्हा पुसले. "त्याला म्हटलं होतं, समोरच्याच्या ओठांकडे बघत जा, चालून जाईल. त्या दिवशी नेमका बाहेर बघत बसला."

थोरल्याने बोळा दातांखाली घट्ट दाबला.

"मी भांडायला का गेले नाही शाळेत, तुला कधी प्रश्न नाही पडला? एवढं माझ्या लेकराला मारलं, आणि मी घरात बसून राहिले? कुठल्या तोंडाने जाणार होते? सरांना मी सांगितलं असतं, तर त्यांनी त्याला पुढच्या बाकावर बसवला असता. मला वाटलं, तुला हे माहितीय. तुम्ही दोघं एका पांघरुणात झोपायचात."

"मारलं तर होतंच ना?" तो म्हणाला. बोळा तोंडातून सरकला होता आणि हनुवटीवर लाळ आली होती. "आई, मारलं तर होतंच ना त्यांनी?"

"मारलं होतं," आई म्हणाली. "ते कुठे नाही म्हणतेय मी?"

स्वयंपाकघराच्या दारात बायको हातात भांडं घेऊन उभी होती. ती बहुधा बराच वेळ तिथे होती. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा धाकटा होता. त्याच्यासाठी ती हातवारे करून बोलायला शिकली होती.

"अहो," ती म्हणाली, "त्या सरांच्या कवळीला काय केलंय तुम्ही?"

त्याने बाहीने हनुवटी पुसली. तिने पुन्हा विचारलं नाही, यावरून तिला कळलं हे त्याला कळलं.

"इतकी वर्षं दात धरून बसलात," ती म्हणाली. "बाहेरच्या माणसावर धरलात, आणि झिजतंय हे घर. उद्याच्या उद्या जाऊन नीट करून द्या ती."

*

उद्याच्या उद्या तो गेला नाही. सरांच्या मुलीचाच फोन आला, की बाबांना पायऱ्या उतरवत नाहीत, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "थोरले, तुम्हीच जाऊन बघून या ना. तुमच्यावर त्यांचा फार विश्वास आहे."

खोली लहान होती. पलंग, औषधांचं स्टूल, आणि भिंतभर पुस्तकं. कवळी पलंगाशेजारी पाण्याच्या पेल्यात ठेवलेली होती, आणि पाणी जुनं होतं. काचेतून दात मोठे दिसत होते.

"या, कलाकार," सर म्हणाले. दातांविना त्यांचे ओठ आत गेले होते आणि शब्द फुसकन हवेसारखे बाहेर पडत होते. मुलगी दारातून म्हणाली, "काय म्हणतात ते मलाही कळत नाही आता. तुम्हाला कळलं तर सांगा." आणि ती आत गेली. पण थोरल्याचा जन्म बिनदातांच्या माणसांशी बोलण्यात गेला होता. त्याच्या कानातून एक शब्द निसटला नाही.

"लावत नाही तुम्ही?"

"नाही जमत हो. तुमचा दोष नाही. सूप पितो, चालतं." सरांनी त्याच्या गालाकडे बोट केलं. "तुमचंही तोंड सुजलेलं दिसतंय."

"दाढ काढली."

"म्हणजे आपण एका बाकावरचे झालो." सर हसले. हिरडीवर दोन लाल चट्टे थोरल्याला स्पष्ट दिसले. ते कशाचे, आणि कुठला थर लावल्यावरचे, हेही त्याला सांगता आलं असतं.

त्याने कवळी पेल्यातून काढली, रुमालात गुंडाळली. निघता आलं असतं. पण तो पलंगाच्या कडेला बसला.

"सर, तुम्ही शाळेत एक गोष्ट सांगायचात. गिरणीवाल्याची. बंधाऱ्यावर फळ्या चढवतो त्याची."

सरांचे डोळे एकदम उघडले. "तुम्हाला कशी माहीत?"

"माझा भाऊ होता तुमच्या वर्गात." त्याने धाकट्याचं नाव सांगितलं. शाळेतलं, पूर्ण.

सर छताकडे बघत राहिले. बराच वेळ शोधलं त्यांनी, मनापासून शोधलं. मग मान हलवली. "नाही आठवत. किती मुलं हातांखालून गेली. हुशार होता का?"

"त्याला कमी ऐकू यायचं."

"मग पुढच्या बाकावर बसवला असेल मी त्याला," सर म्हणाले.

थोरल्याने रुमालाची गाठ मारली, सोडली, परत मारली. बोलायचं ते सगळं जिभेच्या टोकावर होतं. समोर एक वाळलेला म्हातारा उशीला टेकून पडला होता, आणि त्याच्या डोळ्यांत खोटं काहीच नव्हतं.

"भावाला शेवट कळला नाही त्या गोष्टीचा," तो शेवटी म्हणाला. "मलाही नाही."

"अहो, मग सांगतो की. ऐका." सर कोपरावर उठायला गेले, जमलं नाही, तसेच पडून बोलायला लागले. "एका वर्षी डोंगरावरचं बर्फ भराभर वितळतं. नदी फुगते. बंधारा मूळ होता त्याच्या दुप्पट उंच झालेला, नुसत्या फळ्याच फळ्या. तो फुटतो. शेजाऱ्याच्या शेतातलं साठलेलं सगळं पाणी वाहून जातं. वर्षानुवर्षं पाण्याखाली कुजलेली जमीन मोकळी होते. आणि गिरणी?"

ते थांबले. वर्गात थांबायचे तसेच.

थोरल्याला उत्तर कळलं होतं. 

"गिरणी बंधाऱ्याच्या खालीच असते हो. घरही तिथेच. इतकी वर्षं तो पाणी स्वतःच्याच डोक्यावर साठवत होता." सरांनी हवेत बोटाने रेघ ओढली. "मी पहिल्याच दिवशी फळ्यावर नकाशा काढून द्यायचो. वर शेत, मध्ये बंधारा, खाली गिरणी. काही लपवलेलं नसायचं. पण एकेक फळी चढायला लागली की सगळी मुलं शेताकडे बघायची. गिरणीकडे एकही बघायचं नाही. मला मोठी गंमत वाटायची त्याची."

त्यांना धाप लागली. थोरल्याने स्टुलावरचा सुपाचा पेला ओठांना लावून दिला. एक घोट गिळायला त्यांना फार वेळ लागला.

"आणतो नीट करून," दारातून तो म्हणाला. "लवकरच."

*

काम थोडंसंच होतं. अस्तराचे थर काढायचे, दात घासून उंची उतरवायची, पॉलिश करायचं. डोळे मिटून झालं असतं.

कवळी ओल्या डबीत फळीवर राहिली. थोरला सकाळी ती उतरवायचा, सरांच्या साच्यावर बसवायचा, घासणी हातात घ्यायचा. मग त्याला धाकट्याचा वाहता कान आठवायचा, कापसाचे बोळे आठवायचे, आणि हात पुढे जायचा. तेवढ्यात बाकावरून खाली पडलेला धाकटा आठवायचा, हसणारा वर्ग आठवायचा, आणि हात मागे यायचा. एकदा घासलं की मग त्या भावासाठी करण्यासारखं जगात काही उरणार नव्हतं. तो डबी परत फळीवर ठेवायचा. कुणीतरी घाईची कवळी सांगितलेली असायचीच.

बायको रोज दारात विचारायची, "दिली?" मग एक दिवस तिने विचारणं सोडलं. त्याचं ताट वाढून ठेवायची आणि आईबरोबर आत जेवायची.

सरांच्या छातीत कफ भरला. अंगात काही राहिलंच नव्हतं, आठवडाभरातच ते गेले.

त्यांची मुलगी दवाखान्यात आली तेव्हा थोरल्याचं चाक बंद होतं.

"तुमच्याकडे बाबांची कवळी राहिलीय ना," ती पार्टिशनच्या पलीकडे डॉक्टरबाईंना म्हणाली. "राहू दे. बाबा म्हणाले होते, परत आणू नको, एवढी मेहनत घेतलीय त्या माणसाने, कुणाच्या तरी उपयोगी पडेल." ती रडवेलं हसली. "मी म्हटलं, बाबा, कवळी काय चष्मा आहे का?"

"नाही हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ती दुसऱ्या कुणालाच बसत नाही."

मुलगी गेली. थोरल्याने डबी उतरवली.

त्याने आधी अस्तर काढलं, थरावर थर. प्रत्येक थर त्याला ओळखू आला. मग दात घासले. गुलाबी आणि पांढरी पूड टेबलावर पडत राहिली, खिडकीच्या उजेडात बारीक उडत राहिली. निळा कागद दातांमध्ये ठेवून त्याने साचे मिटले, उघडले, डाग बघितले, परत घासलं. मग चाकावर धरून असं पॉलिश केलं, की त्यात खिडकी दिसायला लागली. शेवटी जबड्यासारख्या उघडमीट करणाऱ्या पितळी यंत्रात सरांचे दोन्ही साचे लावून त्याने ते अलगद मिटले.

दात दातांवर येऊन बसले. आवाज झाला नाही.

तो उघडत आणि मिटत राहिला. डॉक्टरबाई कधी आत आल्या ते त्याला कळलं नाही. त्या आधी यंत्राकडे बघत होत्या. मग टेबलावरच्या पुडीकडे बघायला लागल्या.

"हे सगळं आत्ता काढलंत?"

"हो."

त्यांनी निळा कागद उचलला, उलटासुलटा करून पाहिला. पूड बोटावर घेतली, अंगठ्याने चोळली. केवढी जास्तीची उंची होती, हे त्यांनाही कळत होतं.

"आधी दिसलं नव्हतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं. थोरल्याला वाटलं, नाही म्हटलेलं त्यांना हवं आहे.

"दिसलं होतं," तो म्हणाला.

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग बोट एप्रनला पुसून बाहेर गेल्या.

दुपारी पहिला पेशंट आला. खुर्ची वर झाल्याचा आवाज आला. "आ करा. अजून थोडं. असंच धरा." थोरल्याने रबरी वाडगं पुढे ओढलं. पलीकडे ट्रे खडखडला, आणि त्याने पाण्यात पीठ सोडून भराभर कालवलं. दाट, गुळगुळीत, एकही बुडबुडा नाही. वाडगं डाव्या हातात धरून तो खिडकीकडे वळला.

पलीकडे नळ वाहिला. खोका उघडल्याचा आवाज आला, मग चिकटपट्टी फाडल्याचा. "हा ठसा बाहेरच्या लॅबला पाठवायचाय," डॉक्टरबाई कुणाला तरी सांगत होत्या.

खिडकी बंदच राहिली. तो वाडगं धरून उभा होता. प्लास्टर घट्ट होताना तापतं. आधी तळहाताला कोमट लागलं, मग गरम. मग ते पुरतं दगड झालं आणि हळूहळू हातातच गार झालं.